आच, वेळ आणि दाब : घरच्या ओव्हनमध्ये मगवर छपाई

शाळेच्या गेट-टुगेदरला बॅचचं नाव घातलेले मग, आजीआजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांचा जुना फोटो असलेला मग, सोसायटीच्या गणपतीत स्वयंसेवकांना द्यायची भेट : अशा मगांना आज तालुक्याच्या गावातही गिऱ्हाईक आहे. दुकानात ते छापायला मग प्रेस नावाचं यंत्र असतं. घरातल्या ओटीजीमध्येही हेच काम उत्तम होतं आणि काही बाबतींत प्रेसपेक्षा सरस होतं. त्यासाठी ओव्हन आपल्याला काय देतो आणि काय देत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

या छपाईला सबलिमेशन म्हणतात. तिला तीन गोष्टी लागतात : पुरेशी आच, पुरेसा वेळ आणि सगळीकडे सारखा दाब. मग प्रेस या तिन्ही एकदम देते. ओव्हन आच देतो, आपण ठरवू तेवढा वेळ देतो, पण दाब देत नाही. तो आपल्यालाच मगभोवती बांधावा लागतो. घरी बिघडणाऱ्या मगांमागे बहुतेक वेळा हीच बांधणी ढिली पडलेली असते. म्हणून या लेखात सामानाच्या यादीपेक्षा बांधणीवर आणि चाचणीवर भर दिला आहे.

रंग मगात कसा शिरतो

कापूर उघडा राहिला की तो वितळत नाही, तसाच उडून जातो. घन पदार्थाचं थेट वायूत रूपांतर होणं म्हणजे संप्लवन. सबलिमेशनच्या शाईतले रंग याच गुणाचे असतात. कागदावर छापलेली शाई वाळते तेव्हा रंगाचे बारीक कण कागदावर राहतात. साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसच्या आचेत त्यांचा वायू होतो. त्याच आचेत मगवरचा पॉलिस्टरचा लेप किंचित सैलावतो आणि हा वायू त्या लेपात शिरतो. मग थंड झाला की लेप घट्ट होतो आणि रंग आत अडकतो.

या एका क्रियेतून कामाचे बरेचसे नियम आपोआप निघतात. रंग चिनी मातीत शिरत नाही, पॉलिस्टरमध्ये शिरतो. त्यामुळे भांड्यांच्या दुकानातल्या साध्या मगवर ही छपाई होत नाही. सबलिमेशन कोटिंग असलेलाच मग घ्यावा लागतो. या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रात जिथे पांढरं दिसतं, तिथे मगचा स्वतःचा पांढरेपणा दिसत असतो, म्हणून मग पांढराशुभ्र हवा. गडद मगवर ही छपाई उठत नाही. आतून आणि कानाला रंगीत, पण बाहेरून पांढरे असे मग मिळतात, ते चालतात. रंग लेपाच्या आत बसलेला असल्यामुळे हात फिरवला तर चित्राचा उंचवटा लागत नाही आणि नखाने ते खरवडून निघत नाही. आणि वायू मोकळ्या जागेत पसरतो, म्हणून कागद आणि मग यांच्यात थोडीही फट राहिली, तर त्या ठिकाणी चित्र धूसर होतं.

ओव्हन कोणता घ्यावा

स्वतंत्र ओटीजी घ्या आणि तो कायमचा छपाईसाठी ठेवा. जेवण करायच्या ओव्हनमध्ये मग भाजू नयेत आणि मग भाजलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा केक, पाव, पिझ्झा करू नये. शाई, चिकटपट्टीचा गोंद आणि लेप तापल्यावर त्यांचे वाफारे ओव्हनच्या भिंतींवर बसतात. घरातला जुना ओटीजी पडून असेल तर तो या कामाला द्या आणि त्यावर ‘फक्त छपाईसाठी’ अशी चिठ्ठी लावून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणाचीही चूक होणार नाही.

आत पंखा असलेला, म्हणजे कन्व्हेक्शनची सोय असलेला ओटीजी मिळाला तर फार चांगलं. पंखा हवा फिरवतो, त्यामुळे मगच्या चारही बाजूंना सारखी आच लागते. पंखा नसेल तर मागची बाजू जास्त भाजते आणि दाराकडची कमी. अशा वेळी अर्ध्या वेळानंतर हातमोजे घालून मग झटपट फिरवावे लागतात. आतली उंची मोजून घ्या : मग जाळीवर उभा राहिल्यावर वरच्या दांडीपासून चार-पाच सेंटीमीटर तरी अंतर हवं.

मायक्रोवेव्हबद्दल स्पष्ट सांगायला हवं. मायक्रोवेव्हच्या लहरींवर हे काम होत नाही आणि दाबासाठी मगला बांधलेल्या धातूच्या पट्ट्यामुळे आत ठिणग्या उडतात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह गरम हवेवर चालू शकतो, पण तो घरोघरी अन्नासाठीच वापरला जातो. तो या कामातून वगळा.

मोठे ओटीजी दीड ते दोन हजार वॅटचे असतात. २३० व्होल्टवर २००० वॅटचा ओव्हन साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. त्यामुळे तो १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवरच लावा. एक्स्टेंशन बोर्ड, मल्टीप्लग यांच्यावर नको. विजेचा खर्च मात्र वाटतो तितका नाही : १५०० वॅटचा ओव्हन अर्धा तास सलग चालला तरी पाऊण युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट अधूनमधून वीज तोडत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी होतं.

प्रिंटर, शाई, कागद

प्रिंटरचा हेड कसा चालतो, याला इथे महत्त्व आहे. काही इंकजेट प्रिंटर शाई तापवून तिचा थेंब बाहेर फेकतात. एचपी आणि कॅनॉनचे घरगुती इंकजेट या प्रकारचे. आचेनेच काम करणाऱ्या शाईला अशी यंत्रणा योग्य नाही. एप्सनच्या इंकजेट प्रिंटरमध्ये पिझो पद्धत असते : स्फटिकाच्या हालचालीने शाई ढकलली जाते, ती तापत नाही. म्हणून आपल्याकडे एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये सबलिमेशनची शाई भरून काम करण्याची पद्धत रुळली आहे. हे करायचं असेल तर कोरा प्रिंटर घ्या आणि त्यात पहिल्यापासून हीच शाई भरा. साधी शाई एकदा भरली की ती नळ्यांत राहते आणि रंग बिघडवते. दुसऱ्या प्रकारची शाई भरल्यावर कंपनीची वॉरंटी मिळेल हे गृहीत धरू नका. ज्यांचं बजेट मोठं आहे त्यांच्यासाठी खास सबलिमेशनसाठी बनवलेले प्रिंटरही मिळतात.

या शाईतले रंगकण खाली बसतात. टाकीत भरण्यापूर्वी बाटली हळुवार हलवून घ्या. प्रिंटर आठवडाभर बंद ठेवू नका. दोन-तीन दिवसांतून एकदा चारही रंग वापरणारं एक लहान चित्र छापा. नाहीतर हेडच्या छिद्रांत शाई वाळते आणि चित्रात पांढऱ्या रेघा येऊ लागतात.

कागद सबलिमेशनचाच घ्या. त्याच्या छपाईच्या बाजूवर लेप असतो, जो शाई वर धरून ठेवतो आणि आच लागली की सोडून देतो. बऱ्याच कागदांची मागची बाजू ओळखू यावी म्हणून रंगीत असते. छपाई पांढऱ्या बाजूवर करायची.

पावसाळ्यात, त्यातही कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत, हाच कागद सर्वांत जास्त त्रास देतो. तो हवेतली ओल शोषून घेतो. ओव्हनमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि चित्रावर डाग किंवा फिकट ठिपके उमटतात. कागद झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. छपाई झाल्यावर तो पाच-दहा मिनिटं मोकळ्या, कोरड्या जागी वाळू द्या. हवा फार दमट असेल तर इस्त्रीच्या मंद उष्णतेने कागदाची मागची बाजू क्षणभर कोरडी करून घ्या. इस्त्री जास्त तापली तर रंग तिथेच उडायला लागेल, म्हणून ती सर्वांत कमी आचेवर ठेवा.

चित्राची मांडणी

बाजारात सर्वसाधारण मिळणारा पांढरा मग ११ औंसांचा, म्हणजे सुमारे ३२५ मिलिलिटरचा असतो. त्याचा व्यास साधारण ८.२ आणि उंची ९.५ सेंटीमीटर असते. घेर पावणेसव्वीसच्या आसपास येतो. त्यातून कानाची जागा सोडली की छपाईला २० सेंटीमीटर रुंद आणि ९ सेंटीमीटर उंच पट्टी मिळते. मगांच्या प्रत्येक खेपेला थोडाफार फरक पडतो, म्हणून नवी पेटी आली की एका मगभोवती कागदाची पट्टी गुंडाळून मोजून घ्या. ए-४ आकाराच्या एका कागदात अशा तीन पट्ट्या बसतात.

२० सेंटीमीटर रुंदीच्या चित्राला ३०० डीपीआयवर साधारण २३६० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो आणि छपाईत चेहऱ्यांचे चौकोन दिसतात. गिऱ्हाइकाला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. काम बिघडण्याचं एक मोठं कारण तिथेच संपतं.

कोणती बाजू कुणाला दिसणार, हे मांडणीतच ठरवा. सरळ पट्टीत उजव्या टोकाकडचा भाग उजव्या हाताने पिणाऱ्याच्या समोर येतो, डाव्या टोकाकडचा भाग समोर बसलेल्या माणसाला दिसतो आणि मधला भाग कानाच्या बरोबर विरुद्ध बाजूला जातो. ज्याला भेट द्यायची त्याच्यासाठी फोटो असेल तर तो उजवीकडे घ्या. संस्थेचं बोधचिन्ह इतरांना दिसायला हवं असेल तर ते डावीकडे. मजकूर वरच्या काठापासून अर्धा सेंटीमीटर तरी खाली ठेवा. तिथे ओठ लागतात आणि दाबही कमी मिळतो.

मराठी मजकुराची खास काळजी घ्यावी लागते. बरेचसे देवनागरी फाँट हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. आजीच्या नावातल्या ‘शालिनी’ची अक्षरं मराठी वळणाची हवी असतील, तर टिरो देवनागरी मराठीसारखा मराठीसाठी केलेला फाँट घ्या. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक हे देवनागरी फाँट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. विक्रीच्या मालावरही ते वापरता येतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतला अर्धा र नीट उमटतोय ना, जोडाक्षरं सुटी पडली नाहीत ना, हे दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. मगवरची शुद्धलेखनाची चूक पुसता येत नाही. मजकुराचं आउटलाइनमध्ये रूपांतर केलं की दुसऱ्या संगणकावर फाँट बदलण्याची भीती उरत नाही. केसासारख्या बारीक रेघा टाळा. वायू किंचित पसरतो आणि त्या बुजतात.

शेवटी चित्र आरशातल्यासारखं उलटं करून छापा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’ निवडलं तर डिझाइनमध्ये पुन्हा उलटं करू नका, नाहीतर अक्षरं परत सरळ होतील आणि मगवर उलटी येतील. दोन्हींपैकी एकच जागा कायमची ठरवून टाका. कागदावर रंग मळकट आणि फिके दिसतील, त्याने घाबरू नका. ते भाजल्यावर उजळतात. आपल्या शाईचं आणि कागदाचं आयसीसी प्रोफाइल विक्रेत्याकडून मागून घेतलं, तर पडद्यावरचा आणि मगवरचा रंग बराच जुळतो.

बांधणी : दाब इथेच मिळतो

मग आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून घ्या. बोटांचं तेल राहिलं तर तिथे फिकट डाग पडतो, कापडाचा तंतू राहिला तर निळसर बारीक ठिपका उमटतो. पट्टी रेषेवर नेमकी कापा. छपाईची बाजू मगकडे करून ती गुंडाळा आणि तळाशी काठाला समांतर आहे ना ते पाहा. कानाच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून हीट टेपने घट्ट ओढून चिकटवा. ही तपकिरी पॉलिइमाइडची टेप आच सोसते. सेलोटेप इथे चालत नाही, ती वितळते. कागद मगवर सरकत असेल तर तो सैल आहे; पुन्हा बांधा. त्यावर साध्या पांढऱ्या कागदाचा एक वेढा द्या, म्हणजे उडालेली शाई वरून बांधायच्या पट्ट्याला लागत नाही आणि पुढच्या मगवर जुन्या चित्राची सावली येत नाही.

आता दाब. त्यासाठी दोन साधनं आहेत. पहिलं म्हणजे सिलिकॉनचा पट्टा : आत जाड सिलिकॉन, बाहेर धातूची पट्टी आणि कानाच्या बाजूला दोन स्क्रू. हा पट्टा ओव्हनसाठी बनवलेला असतो आणि पुन्हापुन्हा वापरता येतो. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. वरचा पूर्ण आवळून खालचा नंतर आवळला, तर वरच्या भागात चित्र गडद आणि तळाशी फिकट येतं. बांधल्यावर मग हलवून पाहा : पट्टा फिरता कामा नये. काठाच्या आणि तळाच्या कडा बोटाने दाबून बघा, फट जाणवली तर सोडून पुन्हा बांधा. कानाजवळ पट्टा वळतो, तिथे सर्वांत आधी सैलपणा येतो, म्हणून चित्राचा महत्त्वाचा भाग अगदी कानापर्यंत नेऊ नका.

दुसरं साधन म्हणजे श्रिंक फिल्म. ही प्लास्टिकची नळी मगवर चढवायची आणि हीट गनने गरम हवा मारायची. ती आकसून मगला आवळते. खाली निमुळत्या होणाऱ्या लाते मगवर सरळ पट्टा नीट बसत नाही, तिथे ही फिल्म फार उपयोगी पडते. हीट गन एका जागी थांबवू नका. मग फिरवत फिरवत खालून वर जा. फिल्मला घडी पडली तर त्याच रेषेत चित्रात फिकट ओळ येते. ही फिल्म एकदाच वापरायची असते, म्हणजे दर मगला तिचा खर्च धरावा लागतो.

प्रेसपेक्षा ओव्हन सरस ठरतो तो इथेच. प्रेसमध्ये एका वेळी एक मग आणि बहुधा ठरावीक आकाराचाच बसतो. ओव्हनमध्ये पट्टे असतील तितके मग एकदम जातात आणि निमुळते, ठेंगणे, उंच असे वेगवेगळे आकार जमतात. तुम्हाला फक्त ११ औंसांचे मग, तेही एकेक करून छापायचे असतील, तर मात्र मग प्रेसच घ्या; ती अधिक सोपी आहे.

आच आणि वेळ : आधी ओव्हन ओळखा

ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली प्रत्यक्ष आच यांत फरक असतो. स्वस्त ओटीजीमध्ये तो बराच असू शकतो. ओव्हन थर्मामीटर अगदी स्वस्तात मिळतो, तो घेतल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका. बटण २०० वर ठेवा, ओव्हनचा दिवा विझल्यानंतरही दहा मिनिटं थांबा आणि थर्मामीटर वाचा. तो जाळीच्या मधोमध, दाराजवळ आणि मागे, असा फिरवून पाहा. जिथे जास्त फरक दिसेल ती जागा मगसाठी वर्ज्य समजा.

छपाईसाठी सुरुवात अशी करा : ओव्हन थर्मामीटरवर २०० अंश दाखवेपर्यंत तापवा, एक बांधलेला मग मधल्या जाळीवर उभा ठेवा, १४ मिनिटं भाजा. प्रेसला तीन-चार मिनिटं पुरतात, कारण तिथे तापलेला पृष्ठभाग थेट मगला भिडतो. ओव्हनमध्ये हवा आधी सिलिकॉन तापवते, नंतर तीनेकशे ग्रॅमची चिनी माती, आणि तेवढा वेळ त्यातच जातो. रंगाला लागते ती मगच्या पृष्ठभागाची आच. म्हणूनच जानेवारीत नाशिकमध्ये गारठलेला मग आणि मे महिन्यात नागपुरात आधीच तापलेला मग यांना एकच वेळ लागेल असं धरू नका. मग खोलीच्या तपमानाला आणून ठेवा. चार मग एकदम ठेवले तर ओव्हनची आच खाली येते; दोन-तीन मिनिटं वाढवून पाहा. एकमेकांना टेकू देऊ नका, हवा फिरायला बोटभर जागा सोडा. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये मग फिरवण्यापुरतं सोडलं तर मधे दार उघडू नका, दर वेळी आच झपकन उतरते.

चाचणीसाठी विक्रेत्याकडून किरकोळ दोष असलेले मग मागून घ्या. चाचणीच्या पट्टीवर काळा, लाल, निळा, पिवळा रंग, थोडी बारीक अक्षरं आणि एका चेहऱ्याचा फोटो ठेवा. १२, १४ आणि १६ मिनिटं असे तीन मग भाजा आणि शेजारी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहा. वहीत लिहा : मग कुठल्या खेपेचा, आच किती, वेळ किती, एका वेळी किती मग, निकाल काय. मगांची नवी पेटी, नवा कागद किंवा नवी शाई आली की एक चाचणी पुन्हा करा. तुमचा स्वतःचा आकडा या वहीतून मिळतो. दुसऱ्याच्या ओव्हनचा आकडा फक्त सुरुवातीपुरता घ्या.

वेळ संपली की जाड ओव्हनचे हातमोजे घालून मग बाहेर काढा, लाकडी पाटावर किंवा जाड टॉवेलवर ठेवा. पट्टा सोडा आणि कागद गरम असतानाच एका झटक्यात, न सरकवता काढा. मगमध्ये आच शिल्लक असते आणि रंग उडतच असतो. कागद तसाच राहिला तर कडा पसरतात, आणि सरकला तर चित्राची दुहेरी सावली येते. मग आपोआप थंड होऊ द्या. गार पाण्यात टाकू नका, त्याला तडा जाऊ शकतो. भाजणी चालू असताना वीज गेली तर तो मग बाद समजा. अर्धवट आचेनंतर पुन्हा मोजलेली मिनिटं भरवशाची नसतात.

हे सगळं करताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट फॅन चालू हवा. लहान मुलं आजूबाजूला नकोत. तापलेल्या मगचा रंग थंड मगसारखाच दिसतो, त्यामुळे काम चालू असलेली जागा घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

बिघाड कसा ओळखायचा

सगळं चित्र सारखंच फिकट, पण कडा रेखीव असतील, तर आच किंवा वेळ कमी पडला आहे. आधी दोन मिनिटं वाढवा, आच तीच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कारण कळतं.

काळा रंग तपकिरी झाला, अक्षरांच्या कडा पसरल्या आणि पांढरा भाग पिवळसर दिसू लागला, तर जास्त भाजलं आहे.

मध्ये ठीक, पण काठाशी, तळाशी किंवा कानाजवळ फिकट असेल, तर दाब कमी आहे. आच वाढवून हे सुधारत नाही, उलट मधला भाग करपतो. पट्टा पुन्हा बांधा.

एक बाजू गडद आणि दुसरी फिकट असेल तर ओव्हनची आच असमान आहे. मगची जागा बदला किंवा मधेच एकदा फिरवा.

ढगांसारखे डाग दिसले तर ओल. निळे ठिपके दिसले तर धूळ किंवा तंतू. दुहेरी कडा दिसल्या तर कागद हलला.

सगळ्या रंगांत आडव्या पांढऱ्या रेघा असतील, तर दोष ओव्हनचा नाही. प्रिंटरचा नोझल चेक काढा आणि हेड साफ करा.

एकाच पेटीतले काही मग बरे आणि काही सतत फिके येत असतील, तर कोटिंग असमान आहे. विक्रेत्याला नमुना दाखवा, आणि तो ऐकत नसेल तर विक्रेता बदला. कोटिंगच्या दर्जावर मगचं आयुष्य ठरतं.

विकायचे असतील तर

बचत गटातल्या किंवा घरून काम करणाऱ्या अनेक जणी हा व्यवसाय निवडतात आणि भाव ठरवताना फक्त मग आणि शाई मोजतात. मगची किंमत, कागदाचा तिसरा हिस्सा, शाई, टेप, फिल्म किंवा पट्ट्याची झीज, वीज, खोका, फुटून जाणाऱ्या मगांचा वाटा आणि तुमचे तास, हे सगळं लिहून बेरीज करा. डिझाइन बसवायला लागलेला वेळ हेही काम आहे आणि त्याचे पैसे मिळायला हवेत.

दुसऱ्याचं चित्र किंवा ओळी छापताना कायदा पाहा. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या ओळी, केशवसुत किंवा बालकवी यांच्या कविता मुक्तपणे छापता येतात. कुसुमाग्रजांचं निधन १९९९चं, त्यामुळे त्यांच्या ओळी विक्रीच्या मगवर परवानगीशिवाय छापता येत नाहीत. हीच गोष्ट सिनेमातल्या छायाचित्रांची, कार्टूनमधल्या पात्रांची आणि आजच्या चित्रकारांनी काढलेल्या शिवाजी महाराजांच्या किंवा विठ्ठलाच्या चित्रांची. ओळखीच्या चित्रकाराकडून नवं चित्र करून घ्या आणि त्याचं मानधन द्या. तुमचा मग इतरांपेक्षा वेगळा दिसेल.

मगसोबत वापराची एक चिठ्ठी द्या : मऊ स्पंजने धुवा, तारेची घासणी वापरू नका. डिशवॉशरमध्ये चालेल असं मगच्या उत्पादकाने लिहिलं असेल तरच तसं लिहा. पहिल्या खेपेतले एक-दोन मग घरी ठेवा, रोज चहाला वापरा, रोज घासा. महिना-दोन महिन्यांनी रंग कसा राहिला ते पाहूनच गिऱ्हाइकाला टिकाऊपणाबद्दल शब्द द्या.

सुरुवातीला सगळं एकदम घेऊ नका. ओव्हन, थर्मामीटर, दोन सिलिकॉनचे पट्टे, हीट टेप, एक डझन मग एवढ्यावर काम सुरू होतं. प्रिंटर घेण्याआधी एखाद्या छपाईवाल्याकडून सबलिमेशनच्या काही पट्ट्या छापून आणा आणि बांधणी व भाजणी हातात बसवा. त्यातून हे काम तुम्हाला आवडतं का, हेही कळेल. एकच चित्र दोन वेगवेगळ्या दिवशी दोन मगांवर भाजा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक ओळखू येत नसेल, तर आच, वेळ आणि दाब तिन्ही तुमच्या हातात आले आहेत. पहिली ऑर्डर त्यानंतरच घ्या.